खंडेनवमीचं पान

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ही वही मागून उघडली की दूध, किराणा, गॅस. पुढून उघडली की मनातलं. एका वहीत दोन्ही कामं होतात, दुसरी कशाला घ्या?

आज लिहायला बसले कारण यांच्यावर संस्थेनं मोठं काम टाकलं आहे. आमच्या धुळ्याच्या आणि जळगावच्या, अशा दोन्ही कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी चाळीस बोर्ड घ्यायचे आहेत. कोणते घ्यायचे ते हे ठरवणार. संस्थेचे सचिव तोताराम नाना भर सभेत म्हणाले म्हणे, "अमृत सरांच्या सहीशिवाय एक खिळाही यायचा नाही." बावीस वर्षं शिकवताहेत, पण यांच्या सहीला असं मोल कुणी दिलं नव्हतं. आज दोन पोळ्या जास्त गेल्या यांना.

मी विचारलं, बोर्ड म्हणजे खडूनं लिहायचा का? ऋतिका फिस्सकन हसली. ती यांच्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, तिला बापाआधी सगळं येतं. यांनी मात्र नीट सांगितलं. म्हणाले, "हातभर नाही, तळहाताएवढी पाटी असते. मधोमध काळी चिप. ती म्हणजे रिकामा प्लॉट समज. मुलं संगणकावर लिहितात आणि तिच्या आत तसं घर उभं राहतं. आज घड्याळ, उद्या लिफ्टचं यंत्र. पुसलं की पुन्हा रिकामा प्लॉट."

"मग प्लॉट पारखायचा कसा?"

यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं. त्याचं सॉफ्टवेअर फुकट हवं आणि आपल्या जुन्या संगणकांवर चालायला हवं. मुलानं चुकीची तार जोडली तरी जळायला नको. दिवे, बटणं पाटीवरच हवीत. आणि तीन वर्षांनी बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस जागेवर हवा. म्हटलं, कुकर घेताना मी हेच बघते. चकाकी नाही बघत, रबर आणि शिट्टी गावात मिळते का ते आधी विचारते.

सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "चाळीस पाट्या! आनि फुटन्यात ते मंग?"

"फुटत नाही गं आई," हे म्हणाले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन बोर्ड शेवटपर्यंत टिकले. हिरवा पुण्याच्या कंपनीचा. तो दाखवायला चारुलता मॅडम म्हणून एक इंजिनियर आल्या होत्या. यांनी दहा प्रश्न विचारले, त्यांनी आठांची उत्तरं दिली आणि दोन "विचारून सांगते" म्हणाल्या. यांना तेच फार आवडलं. तांबडा बोर्ड जळगावच्या प्रकाशचा, म्हणजे एका व्यापाऱ्याचा. किंमत निम्म्याच्या जवळ.

प्रकाश संध्याकाळी घरी आला. येताना सावद्याच्या केळीचे वेफर्स. सासूबाईंच्या पाया पडला. बोलायला मोठा गोड.

"वहिनी, सर बोर्ड निवडताहेत की पोरीला स्थळ बघताहेत? आठवडा झाला, अजून पत्रिकाच जुळते आहे."

हे म्हणाले, "स्थळ चुकलं तर एक घर बुडतं, प्रकाशभाऊ. हे चुकलं तर दरवर्षी साठ पोरं."

"घ्या! सर म्हणजे सरच." तो हसला, पण फक्त तोंडानं.

त्यानं तांबडा बोर्ड माझ्या हातात दिला. पारदर्शक डबीत बसवलेला, दिसायला देखणा. माझं मन स्वस्ताकडे ओढतं, खोटं कशाला लिहू. पण जवळून बघितलं तर चिपवरची अक्षरं जरा तिरकी आणि ताजी वाटली. औषधाच्या जुन्या बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवावी तशी. तो गेल्यावर यांना सांगितलं. हे भिंग आणून बघत बसले.

वेफर्सचं पाकीट यांनी उद्याच्या बसनं परत पाठवायला सांगितलं. सासूबाईंनी फोडून ठेवलं होतं, म्हणून आता पैसे पाठवायचे.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्राच्या सुट्टीत कॉलेजची वीज बंद असते, म्हणून यांनी दोन्ही नमुने घरी आणले. गेटवरच्या रजिस्टरात सही करून. रोज सहा-सहा तास चालू ठेवायचे आणि काय होतं ते टिपायचं. बैठकीतल्या टेबलावर मांडले आहेत.

"यांना कुणी हात लावायचा नाही," हे म्हणाले. ऋतिकाला, मला आणि सासूबाईंनासुद्धा.

हिरवा शहाण्या मुलासारखा चालतो. आकडे एक ते नऊ, पुन्हा एक. तांबडाही चालतो, पण त्याची डबी कोमट लागते, असं हे म्हणाले. मी हात लावला नाही.

हिरवाच घ्यायचा, असं यांनी मनात पक्कं केलं आहे. नानांना महाग वाटेल, पण समजावीन म्हणतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हे पहाटेच भडगावला गेले. नणंदेच्या सासऱ्यांना दवाखान्यात हलवलं आहे. उद्या दसऱ्याला परततील.

दरवर्षीप्रमाणे अवजारांची पूजा मांडली. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, यांचे पेचकस, सोल्डरिंगची काडी, माझं पेन आणि ही वही. स्कूटरला अंगणात हार घातला. दोन्ही बोर्ड टेबलावर दिसले तेव्हा जरा थबकले. यांनी हात लावू नका म्हटलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "यंत्र शे ना ते? मंग त्याले काबरं सोडस? बठ्ठा अवजारस्ले कुकू, आनि ज्याच्यावर घर चालस त्याले नही?"

सगळ्या अवजारांना कुंकू, मग यांनाच का सोडायचं? मलाही वाटलं, पूजेसाठी हात लावणं म्हणजे काही हात लावणं नव्हे.

तारा काढून दोन्ही पाटावर ठेवले. तांबडा डबीत होता, त्याच्या झाकणावर टिकली लावली आणि फूल ठेवलं. हिरवा उघडा. आणि खरं सांगते, माझा जीव त्याच्यात. तोच निवडला जावा, यांचा शब्द खाली पडू नये, म्हणून त्याची यथासांग पूजा केली. चिपला मुंगळ्यासारखे चारी बाजूंनी बारीक पाय आहेत. मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी कडांना हळद, अक्षता, वर तीन पळ्या तीर्थ. झेंडूचं फूल ठेवलं आणि एकवीरा आईला म्हटलं, याला यश दे.

संध्याकाळी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून, पदरानं कोरडा करून जागेवर ठेवला. एक कण दिसत नाही. यांना सांगणार नाही, उगाच हसतील. मागच्या वर्षी प्रिंटरला टिळा लावला तर आठवडाभर चिडवत होते.

या पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझं कुंकवाचं बोट उमटलं आहे. असू दे. वहीचीही पूजाच झाली.

५ ऑक्टोबर, रविवार

काहीतरी बिनसलं आहे. हिरवा बोर्ड काल सकाळी चारानंतर एकदम आठ दाखवायला लागला. दुपारी ठीक. आज सकाळी पुन्हा तेच, शिवाय कुणी बटण दाबलं नाही तरी एक दिवा आपोआप लागला. हे तीन वेळा तारा बदलून बसले. संगणक बदलला. ऋतिकाचं लिहिलेलं घातलं, स्वतःचं घातलं.

"असं होऊच शकत नाही," म्हणतात. "पहिले चार दिवस एक चूक नाही."

तांबडा कोमट लागतो, पण आकडे बरोबर.

मी देवाजवळ दोन वाती जास्त लावल्या. पूजा केलेल्या वस्तूला असं का व्हावं? आम्हाला कुणाची नजर लागली असेल का? प्रकाशनं त्या दिवशी यांच्याकडे किती टक लावून बघितलं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

यांनी नानांना सांगितलं की पुण्याहून हिरव्याचा दुसरा नमुना मागवू, दहा दिवस द्या. नाना म्हणाले, "सर, अनुदान दिवाळीच्या आत खर्च झालं नाही तर परत जातं. तुमच्या समोर एक बोर्ड चालला, एक नाही. जे झालं तेच लिहा. तुम्ही खोटं लिहिणार आहात का?"

यांनी खरं तेच लिहिलं. हिरव्याचा नमुना सदोष, कारण समजलं नाही. तांबडा चालतो, मात्र गरम होतो, दुसरा नमुना तपासावा. नानांनी ते दुसरं वाक्य कशाला म्हणून खोडायला सांगितलं. यांनी खोडलं नाही. तेव्हा नाना म्हणाले, "बरं, राहू द्या," आणि वरचं एक पान नव्यानं टाईप करून त्यावर सही घेतली. खालचं पान तेच असेल.

हे घरी आले तेव्हा चेहरा ओढलेला. मी म्हटलं, खरं लिहिलंत ना, मग झालं.

"खरं लिहिलं," हे म्हणाले. "पण माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

तांबडे चाळीस बोर्ड आले. नानांनी स्वतः नारळ फोडला. प्रत्येक डबीच्या झाकणावर कुंकू लावलं, ऋतिकानं फोटो काढला. फोटोत नानांच्या कपाळी गंध, गळ्यात तुळशीमाळ. शेजारी प्रकाश हात जोडून उभा. असा देवभोळा माणूस संस्थेच्या वर आहे, मला तेवढा धीर वाटतो.

हे फोटोत नाहीत. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, मागे, बोर्ड मोजत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा वही पुढून उघडली. लिहावंसं वाटत नव्हतं.

चाळीसातले अकरा गेले. आधी गरम होतात, मग आकडे गोठतात, मग संगणकाला दिसतच नाहीत. जळगावहून सात, इथले चार. यांनी एका मेलेल्या चिपवर स्पिरीटचा बोळा फिरवला तर अक्षरं निघून आली आणि खाली दुसरीच अक्षरं होती. मला बोलावून भिंगातून दाखवलं.

"तू म्हणाली होतीस," एवढंच म्हणाले.

मी काय म्हणाले ते देवानं ऐकलं असेल, पण कागदावर तर यांची सही आहे.

प्रकाशला फोन केला तर उचलत नाही. नानांना सांगितलं तर म्हणाले, "सर, निवड तुमची." आज अमावस्या. दारावर लिंबू-मिरची नवी बांधली.

४ डिसेंबर, गुरुवार

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. दोन्हीकडचे मिळून सव्वीस बोर्ड उरले होते, ते परीक्षेसाठी इथे आणले आणि एकावर दोन-दोन मुलं बसवली. अर्ध्या तासात नऊ बंद. परीक्षक उठून गेले. एका बोर्डाला धूर आला. ऋतिकानं बंद करायला हात घातला आणि चिपला बोट लागलं. मधल्या बोटाच्या टोकाला मोठा फोड आला आहे. ती रडली नाही, पण मुलं तिच्यासमोर काय बोलली ते सांगताना रडली.

"आई, मुलं म्हणाली, तुझ्या बाबांनी किती घेतले?"

सासूबाई तिच्या बोटावर तूप लावत होत्या. म्हणाल्या, "मना पोऱ्यानी कोनाना चहा फुकट पिधा नही." माझ्या पोरानं कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही, म्हणून त्या तीनदा म्हणाल्या. ऐकायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

१८ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

आज माझ्या व्रताचं उद्यापन. पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. त्या यायच्या आधी हे दुपारीच घरी आले. दुपारी कधी येत नाहीत.

पुण्याच्या कंपनीनं आपला हिरवा नमुना परत नेऊन आतून तपासला आहे. त्यांनी संस्थेला पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं आहे की बोर्डात कसलाही दोष नव्हता. चिपच्या पायांमध्ये लालसर-पिवळी पूड आणि पाण्याचा क्षार साचलेला आहे, दमट हवेत त्यातून वीज पाझरते. हा बोर्ड कुणीतरी मुद्दाम बिघडवला, असा आमचा संशय आहे. मंगळवारी जळगावला चौकशी समिती बसणार. नमुना कुणाच्या ताब्यात होता? रजिस्टरात एकच सही आहे.

"आता सरळ आहे," हे म्हणाले. "प्रकाशकडून पैसे घेतले, म्हणून चांगला बोर्ड मुद्दाम मारला आणि वाईट घेतला. माझ्याविरुद्ध मीच सही करून दिलेला अहवाल आहे. नोकरी तर जाईलच. पण ऋतिकानं त्या कॉलेजात अजून दीड वर्ष काढायचं आहे."

पत्रासोबत फोटो होता, खूप मोठा केलेला. काळे पाय खांबांसारखे दिसत होते, आणि त्यांच्या फटीत तांबडं-पिवळं. एका कोपऱ्यात पांढरा कण अडकला होता. मी हळदी-कुंकवाचं ताट हातात घेऊन उभी होते. मला तो कण ओळखू आला. तो तांदूळ होता.

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला आणि अगदी सहज म्हणाल्या, "हाई ते कुकू शे. आपला देवघरमधलं."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाट, स्वस्तिक, तीन पळ्या तीर्थ. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसून फोटो पुन्हा बघितला. शेवटी म्हणाले, "तू जास्त पूजा कुणाची केलीस? हिरव्याची?"

"हो."

"का?"

"तो निवडला जावा म्हणून."

हे हसले. इतकं वाईट हसू मी यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

म्हटलं, मी येते समितीसमोर, मी सांगते. हे म्हणाले, "काय सांगशील? लाच खाल्ली आणि आता बायकोच्या कुंकवाआड लपतो, असंच म्हणतील. तोंडच्या शब्दाला कोण विचारतं? त्या दिवसाचा पुरावा आहे का काही?"

तेवढ्यात सवाष्णी आल्या. पाचही जणींना मी कुंकू लावलं. एकीच्या नाकावर सांडलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुरावा आहे. सकाळी दळण निवडताना एकदम आठवलं.

ही वही. १ ऑक्टोबरचं पान. मी त्याच दिवशी, त्याच हातानं लिहिलेलं. पुढच्या-मागच्या पानांवर तारखा लागून आहेत, मधे काही घुसडता येत नाही. पानाच्या पाठीवर घाईत टिपलेला त्याच दिवसाचा झेंडूचा आणि नारळाचा भाव आहे. आणि कोपऱ्यात तेच कुंकू.

यांना सांगितलं नाही. हे म्हणतील, तुला तिथे उभं करून हसं नको. माझ्या हातून झालं आहे, माझ्याच हातून निस्तरलं पाहिजे. नाना देवाधर्माचे आहेत. त्यांना कळेल की यात पाप नाही. उद्या जळगावला जाऊन त्यांनाच भेटते. ऋतिकाला सांगितलं, मावशीकडे जाते. देव क्षमा करो.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळच्या एसटीनं गेले, अर्ध्या तिकिटात. पारोळ्याला बस भरली, एरंडोलपर्यंत वही पोटाशी धरून बसले. नानांचा बंगला सापडायला वेळ लागला नाही.

नाना पूजेवरूनच उठले होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि पान उघडून पुढे केलं. त्यांनी दोनदा वाचलं. कुंकवाच्या डागाशी आले तेव्हा पान कपाळाला लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, योग्य दारात आले.

"ताई," नाना म्हणाले, "तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून घरं उभी आहेत. सरांच्या केसालाही धक्का लागणार नाही. पण हे तुम्ही समितीत येऊन सांगायचं नाही. तिथे नाना तऱ्हेची माणसं, पूजेची टिंगल होईल. मी स्वतः ठेवतो पुढ्यात."

"वही ठेवून जाऊ?"

"वही कशाला? तुमचा घरचा हिशेब आहे त्यात. तेवढं पान पुरे." त्यांनी पट्टी मागवली आणि पान इतकं सरळ कापलं की शिवण उसवली नाही. "आणि मंगळवारपर्यंत सरांनाही बोलू नका. आधीच ठरवून आलात असं म्हणतील."

चहा घेऊन आत आला तो प्रकाश. मी चकितच झाले. त्यानं कप खाली ठेवले. मग म्हणाला, "मामा, वहिनींना मी स्टँडवर सोडतो. उन्हात कुठे जातील?"

हे मामा-भाचे आहेत हे आम्हाला इतके दिवस माहीत नव्हतं. नात्यातला माणूस असून नानांनी कधी बोलून दाखवलं नाही, तेही बरोबरच. शब्द टाकल्यासारखं झालं असतं.

गाडीत प्रकाश नेहमीसारखा गोड बोलत होता. ऋतिकाच्या बोटाची चौकशी केली. सासूबाईंची केली. उतरताना म्हणाला, "वहिनी, ते पान आणखी कुणी बघितलंय का? सरांनी? ऋतिकानं मोबाइलवर फोटोबिटो?"

"नाही हो. माझी वही कोण बघतं?"

"अगदी कुणीच नाही ना?"

"कुणीच नाही."

त्यानं माझ्यासाठी खिडकीची जागा धरून दिली. बस सुटेपर्यंत खाली उभा होता.

एरंडोल गेल्यावर मनात आलं, त्यानं दोनदा का विचारलं?

२१ डिसेंबर, रविवार

वहीत मधेच पानाची फट दिसते, बरं वाटेना. म्हणून १ ऑक्टोबरचं पान आठवून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं आणि खळीनं त्याच जागी चिकटवलं. रोज मनात घोळतं आहे, त्यामुळे शब्द बहुतेक तेच आले. फक्त मागचा झेंडू-नारळाचा भाव आठवेना, तो कोरा ठेवला.

कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलं आहे, असं शेवटी लिहिलं खरं, पण तिथे बोट नाही. करंडा शेजारीच होता. लावावं असं मनात आलं. मग वाटलं, ते खोटं होईल. नाही लावलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

हे सकाळी जळगावला गेले. जाताना देवाला नमस्कार केला, एरवी करत नाहीत. मी दही दिलं हातावर. ओठांवर आलेलं गिळलं.

संध्याकाळी आले. निलंबित केलं. कागदावर लिहिलं आहे की संबंधितांनी आपल्या बचावासाठी कोणताही पुरावा सादर केला नाही. अहवालात ते दुसरं वाक्यही नव्हतं म्हणे, तांबडा गरम होतो ते. फक्त वरचं पान होतं.

"नाना काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"नाना बोलले ना. म्हणाले, फार वाईट वाटतं."

नानांच्या मनात काहीतरी असेल. समितीतल्या लोकांपुढे नको वाटलं असेल त्यांना. पुढच्या बैठकीत ठेवतील. मी दोनदा फोन लावला, बंद आहे. देवदर्शनाला गेले असतील.

२६ डिसेंबर, शुक्रवार

हे चार दिवसांत दाढीला बसले नाहीत. आज दुपारी जेवायला बसलो होतो. सासूबाई यांना म्हणत होत्या, "एक घास तरी खाय रे." तेवढ्यात माझ्या फोनवर पुण्याहून चारुलता मॅडमचा फोन आला. नंबर ऋतिकानं दिला म्हणाल्या.

"ताई, मी तो फोटो पुन्हा बघितला. आमच्या लॅबमध्ये लाल-पिवळी पूड म्हणून नोंद आहे. पण त्यात एक तांदळाचा दाणा आहे. मला माझी आई आठवली. ती खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपवर अक्षता टाकते. ताई, तसं काही झालं होतं का?"

मला हुंदका आला. हो म्हटलं.

"मग आमचं पत्र चुकीचं आहे. मुद्दाम बिघडवला हे वाक्य मी मागे घ्यायला लावते. पण माझ्या वरिष्ठांना नुसतं सांगून चालणार नाही. त्या तारखेचं काही लिहिलेलं, काही खूण, असं काही आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना!" मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज मोकळा निघाला. "माझ्या वहीचं पान आहे. त्याच दिवसाचं, कुंकवाच्या डागासकट. अगदी सांभाळून ठेवलं आहे."

"कुठे आहे?"

"तोताराम नानांकडे दिलं आहे. जळगावला, त्यांच्या स्वतःच्या हातात."

"मग समितीनं ते बघितलं का?" मॅडमनी विचारलं.

समोर यांनी हातातला घास ताटात ठेवला.